सूनबाईचं टेबल

माझी सून सॉफ्टवेअर लिहिते. तिच्या कंपनीने ठरलेली टेबलं बंद केली. रिकामं दिसेल तिथे बसायचं. मनगट दुखतं म्हणून तिने स्वतःचा कीबोर्ड, माउस आणि लॅपटॉपचा स्टँड घेतला. रोज सकाळी ती ते मांडते, संध्याकाळी उचलून पिशवीत भरते. मी निवृत्त होईपर्यंत एकाच लेथवर होतो. कामाच्या माणसाला विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर वाहायला लावणं हा कामाचा अपमान आहे.

परवा तिचे साहेब मीटिंगला गेले. सूनबाईने सरळ त्यांच्या केबिनमध्ये संसार थाटला.

"अहो, हे माझं टेबल आहे," साहेब परतल्यावर म्हणाले.

"रिकामं दिसलं, साहेब. नियम तुमचाच."

तिला कोपऱ्यातलं टेबल कायमचं मिळालं. बाकीचे अजून पिशव्या वाहतात.