खरेदी केंद्रावरची कामिनी

कामिनीला शिव्या ऐकायची सवय होती. पण त्या दिवशी शिव्यांच्या जोडीला आभाळही भरून आलं होतं.

सानगडीच्या पलीकडे एका लहानशा गावात धान खरेदी केंद्र आहे. दिवाळी सरली की आसपासच्या तलावांखालच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांतलं, धान ट्रॅक्टरच्या ट्राल्यांमधून तिथं येतं. कामिनी गजभिये तिथली ऑपरेटर. शेतकऱ्याचं नाव मशीनवर चढल्याशिवाय, अंगठा लागल्याशिवाय आणि पावती निघाल्याशिवाय एकही पोतं काट्यावर चढायचं नाही, असा तिथला नियम. म्हणजे साऱ्या गावांची वर्षभराची मेहनत कामिनीच्या टेबलावरून पुढे सरकायची, आणि टेबलावरचा संगणक असा की एक नाव उघडायचं म्हटलं तर निवांत चहा पिऊन व्हावा. पडद्यावर फिरणारं ते गोल चक्र खिडकीबाहेरच्यांना दिसत नाही. त्यांना दिसते ती नुसती बसून राहिलेली बाई. त्यामुळे संगणक हळू चालतो असं कोणी म्हणत नसे, कामिनी हळू आहे असंच म्हणत.

"बाई, झोपली का वो?" खिडकीतून विमलाबाई ओरडल्या. त्यांची ट्राली पहाटेपासून रांगेत, पार शेवटाकडे, होती आणि ताडपत्री अर्ध्या पोत्यांनाच पुरत होती. "वरतं आभाळ पाह्य जरा! पाणी येऊन राहिलं. धान भिजलं तं तूच घेशील का?"

विमलाबाईंचं चुकत नव्हतं. भिजलेलं धान केंद्र घेत नाही. कामिनीला त्यांचा राग आला नाही. राग आला तो समोरच्या संगणकाचा.

त्यात सकाळीच केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी, मधुकररावांनी, तिला सुनावलं होतं. "कामिनी, पाणी यायच्या आत या ट्राल्या खाली झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तं उद्यापासून या खुर्चीवर दुसरा बसंल. लाखनीच्या एका जणाले मी बोलून ठेवलो आहे." मधुकरराव वाईट मनाचे नव्हते. त्यांना वरून फोन आला की ते खाली कोणालातरी दम देत, एवढंच. पण दम खरा होता. कामिनी पदवी घेऊनही दोन हंगाम मजुरीनं रोवणीला, धानाची रोपं लावायला, गेली होती. रोवणीचं तिला वावडं नव्हतं, पण ही खुर्ची तिनं परीक्षा देऊन मिळवली होती. तिच्या वस्तीतली केंद्राच्या टेबलामागे बसलेली ती पहिलीच बाई होती आणि तिची आई हे सोयऱ्यांकडे जाईल तिथं सांगत असे. ती खुर्ची आता एका मठ्ठ यंत्रापायी जाणार होती.

तिनं पदर खोचला. संगणक सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम तिनं बंद केले. दोन-दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले होते, त्यातला एक काढला. डिस्क काठोकाठ भरलेली. मधुकररावांच्या पुतणीच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ त्यात होता, हळदीपासून पाठवणीपर्यंत. तो तिनं दात-ओठ खात, टेबलावर काढलेल्या वायरीला पेनड्राइव्ह लावून, त्यावर हलवला. साठलेल्या तात्पुरत्या फायली पुसल्या. आता राहिलं ते बंद करून पुन्हा चालू करणं. तिथं मात्र तिचा हात अडला. पडद्याचा तिच्या तोंडावरचा उजेड गेलेला दिसला की बाहेरचे खवळणार, आणि हा बाबा परत उठलाच नाही तर? उत्तरेकडून गार वारा सुटला. तिनं 'रीस्टार्ट'वर बाण नेला आणि डोळे मिटून माउसचं बटण दाबलं.

"बंद केली! बाईनं मशीन बंद केली!" ताराचंद नावाच्या शेतकऱ्यानं रांगेत हाकाटी केली. लोक खिडकीशी दाटले. कोणीतरी गज हलवले. कामिनी मान खाली घालून बसून राहिली.

संगणक उठला. आणि पळाला! नाव टाकलं की समोर, अंगठा लागला की पावती. बाहेरचा गलका शमला, हमाल पोती उचलायला लागले. कामिनीनं सुटकेचा श्वास टाकला, आणि चार-पाच ट्राल्या गेल्या असतील नसतील, चक्र परत फिरायला लागलं. आधीपेक्षाही रटाळ.

आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं करून झालं होतं. सुरुवातीला पळतो आणि थोड्या वेळात बसतो, हे काय? तिनं पाय लांब केले तेव्हा टेबलाखालच्या लाकडी पेटीला तिचा गुडघा लागला. पेटी तापली होती, नुकत्याच विझवलेल्या चुलीसारखी.

मागच्या हंगामात उंदरांनी वायर कुरतडली होती, म्हणून संगणकाचा डबा या पेटीत बंद केलेला. किल्ली चौकीदार कवडूकाकांकडे. "काका, पेटी खोला!" ती ओरडली.

पेटी उघडली तशी आतून भपकारा आला. डबा हात लावू देईना. तिनं तो बंद केला, ओढून वळवला आणि पाहतच राहिली. मागच्या जाळीचं एकही छिद्र उघडं नव्हतं. चिंध्या कोंबलेल्या, त्यावर खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी थापून अंगठ्यानं गुळगुळीत केलेली. घरची धान साठवायची बांबूची ढोली शेणमातीनं लिंपतात ना, उंदराला वाट राहू नये म्हणून, अगदी तसंच निगुतीनं लिंपलं होतं. आतला पंखा बिचारा गरम हवा आतल्या आत फिरवत होता. जीव गुदमरला की यंत्र आपसूक हळू होतं.

कवडूकाकांचा चेहरा पडला. पोत्यातून नमुना काढायची टोकदार परखी त्यांनी उचलली आणि लांबी खरवडायला लागले. कामिनीनं चिंध्या उपटल्या, आतला कोंडा झाडला, पेटी दूर सारली, आणि टेबलफॅन डब्याच्या पाठीशी लावला. चालू केलं. एक ट्राली गेली, दुसरी गेली, दहावी गेली. चक्र काही दिसेना.

पहिले चार थेंब पत्र्यावर वाजले तेव्हा मधुकरराव धावत आत आले. लिंपणाचे तुकडे पाहून थबकले. "हे कोणाचं काम?"

"मीनं बुजवले साहेब," कवडूकाका म्हणाले. "तुमीच म्हणले होते, एक बी छेद ठेवू नोको. वायर तुटली तेव्हा कामिनीबाईले लय बोलले तुमी. म्हणून मीनं नीट बुजवले."

मधुकररावांचा चेहरा लाल झाला. स्वतःचं चुकलं की माणूस आधी आवाज चढवतो. "अक्कल गहाण ठेवली का रे? उद्यापासून येऊ नोको तू!"

काकांनी मान खाली घातली. कामिनीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर. विमलाबाईंच्या ट्रालीसह तीन ट्राल्या उरल्या होत्या. तिनं कीबोर्डवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

"काय झालं? परत बंद पडला का?" मधुकरराव ओरडले.

"नाही साहेब. तो चालू आहे. मी थांबली." ती म्हणाली. "काका नाही येणार तं मी बी नाही येत. लाखनीवाल्याले बोलवा."

बाहेर विमलाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या आता कामिनीवर ओरडल्या नाहीत. "साहेब, त्या बुढ्यावर काहून चिडता? तुमीच सांगतले ना त्याले!" मागून ताराचंदही बोलायला लागला. पत्र्यावरचा आवाज वाढला.

"बरं बरं, राहू दे," मधुकरराव कामिनीला म्हणाले. "कर काम."

"मले नका सांगू. काकाले सांगा."

मधुकररावांनी घसा खाकरला. "कवडू," ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "उद्या वेळेवर ये."

कामिनीनं विमलाबाईंचं नाव टाकायला घेतलं. घाईत ते दोनदा चुकलं. खिडकीतून विमलाबाई म्हणाल्या, "होऊ दे बेटी, सावकाश."