जिंकलेल्यांची नावं

आमच्या गावच्या वाचनालयाबाहेर एक काळा फळा होता. कुंडलहून येणाऱ्या एसटीनं दुपारी पेपर आले की त्यातल्या ठळक बातम्या मी खडूनं त्यावर लिहायचो. मी हायस्कुलात गणित शिकवायचो आणि वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस होतो. माझं अक्षर चांगलं होतं. फळ्यावर माझा एकही आकडा कधी चुकला नाही, याचा मला अभिमान होता.

सत्तरच्या दशकात रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचं वेड गावात शिरलं. कसोटी चालू असली की मी फळ्यावर धावसंख्या लिहू लागलो. समोरच्या पानपट्टीवाल्यानं त्यावरच खेळ काढला. दिवसअखेरच्या धावसंख्येतला शेवटचा आकडा कोणता, यावर पैसे लावायचे. लागला तर सातपट. एक दिवस तो माझ्याकडे आला.

"मास्तर, धावांच्या खाली एक ओळ लिवा की. आज कुणाकुणाला लागला, तेवढंच."

"तुझ्या दुकानावर लिही."

"माज्या दुकानावर लिवलं तर कोण खरं मानतंय? तुमच्या फळ्यावर आलं की सरकारी कागदावर आल्यावानी हाय."

वाचनालयाच्या रेडिओचे सेल तो फुकट देणार होता. मी मनाशी म्हटलं, नावं खरी असतील तर हरकत काय? आकडे दहा आणि पैसे सातपट, म्हणजे रोज खेळणारा शेवटी बुडणारच. हे गणित माझ्या वर्गातल्या पोरांनीही सोडवलं असतं. ते मी फळ्यावर कधी मांडलं नाही. "आज लागला" एवढं लिहून खाली नावं घालायचो. बघणारे म्हणायचे, "रोज कुणाला तरी लागतुयाच की रं!"

वाचनालयाचा शिपाई पलटणीतून पेन्शनवर आलेला होता. सकाळी फळा पुसायचं काम त्याचं. पुसण्याआधी तो नावं वाचायचा. हळूहळू त्यालाही नाद लागला. त्याची बायको माणदेशातली. माहेरच्यांनी मेंढरं विकून तिला शिलाई मशीन घेऊन दिलं होतं. गावातल्या निम्म्या बायकांचे झंपर तीच शिवायची. खेळापायी पेन्शन जायला लागल्यावर घर त्या मशीनवरच चाललं होतं.

त्या काळी कसोटीत मधे एक दिवस विश्रांतीचा असायचा. अशाच एका दिवशी ती वाचनालयाच्या दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, मालक मशीन इकायचं म्हनत्यात. ह्या मॅचमदी समदं भरून काढतो म्हनं. आवं, तेवढी ती नावं पुसा."

"मी खोटं काही लिहीत नाही, बाई."

"खोटं न्हाई व्हय? जितल्यालं तेवढं लिवताय. हरल्यालं कुठं हाय?"

तिला फळा पुसून हवा होता, दुसरं काही नको होतं. मला मात्र कुणीतरी माझी बेरीज चुकल्याचं दाखवल्यासारखं वाटलं. चूक मान्य होती, म्हणून मी ती माझ्या पद्धतीनं दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे कसोटीच्या चौथ्या दिवशी, संध्याकाळी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे ज्यांना लागला ते तिघं. उजवीकडे ज्यांचे पैसे गेले ते सव्वीस जण, चौकशी करकरून, एकही न गाळता. शिपायाचं नाव अकरावं होतं. आता लोकांचे डोळे उघडतील, असं मला खरोखरच वाटलं होतं.

सकाळी तो फळा पुसायला आला, तेव्हा पानपट्टीवर माणसं जमली होती.

"काय मेजर, लढाईत पडला न्हाईसा आन् फळ्यावर पडलासा?"

"आवं, बायकूच्या जिवावर खेळायचं म्हंजे असंच व्हनार!"

तो वळला नाही. हातातलं फडकं तसंच धरून मला हळूच म्हणाला, "मास्तर, आज लागला तर माजं नाव हिकडं घेताय न्हवं?" त्याचं बोट डाव्या रकान्यावर होतं.

"लागला तर घेईन की," मी म्हणालो. नियम तोच होता.

दुपारी तो सायकलच्या कॅरिअरला मशीन बांधून पानपट्टीकडे जाताना मला खिडकीतून दिसला. रस्ता रुंद नव्हता, हाक सहज ऐकू गेली असती. मी मारली नाही. त्यानं चार लावला होता. संध्याकाळी आला नऊ. त्या दिवशी मी फळ्यावर फक्त धावा लिहिल्या.

पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या बैठकीत मी ठराव मांडला, की पैज, आकडा, सोडत यांची एकही ओळ यापुढं फळ्यावर येऊ नये.

"जितलेल्यांचीही नाही?" अध्यक्षांनी विचारलं. "का हो? त्यानं तर गर्दी होते."

ज्यांना कारण सांगायला हवं होतं, ते सगळे समोर बसले होते. मी म्हणालो, "जागा पुरत नाही." ठराव एकमतानं पास झाला.

त्याच सुमारास शिपायाची बायको शिवायला आलेली कापडं घरोघर परत देत फिरत होती. आमच्याकडे दोन झंपरपीस होते. पेपरात गुंडाळलेले, कात्री न लागलेले. माझ्या बायकोनं विचारलं, "अगं, मशीन बिघडलं का काय?"

"न्हाई वैनी. गेलं."

बायकोच्या खांद्यावरून तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या घराकडे निघाली.

"गेलं म्हणजे? कसं गेलं असेल हो?" बायको मला म्हणाली.

"मला काय ठाऊक," मी म्हणालो.