लिंबाजीची लेक मागायची न्हाई

मुरुडात कुणाच्या घरी माणूस गेलं आणि घरात दमडी नसली, की लोक आधी धुरपताबाईला हाक मारत. हे काम तिला नेमून दिलं होतं कुणी? कुणीच नाही. ती आपण होऊन पदर खोचायची आणि पेठेत शिरायची. मागायची कसली, हुकूमच सोडायची. "नीलाबाईचा सासरा गेलाय. पांढरं कापड फाडा. लई मोजू नका, म्हातारा उंच व्हता!" दुकानदारानं कां-कूं केलं, की बाई दुकानाच्या पायरीवर ठाण मांडायची. मग तिच्या तोंडापुढं गिऱ्हाईक टिकतंय थोडंच!

त्या साली लातूर नवा जिल्हा झाला. जिल्हा नवा निघाला, पण पावसानं जुनंच केलं, पाठ फिरवली. धुरपताबाईच्या बौद्ध वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला गेली, तिचा नवरा रामकिशनही गेला. घरात राहिली ती आणि तिचा बाप लिंबाजी. ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, आणि म्हातारा संगप्पाच्या लाकडाच्या वखारीत बसून नव्या जिल्ह्याचं कौतुक सांगायचा. "कलेक्टर आता घंटाभरावर आला बघा!"

"येऊ द्या की आबा. त्याचं आपल्याकडं काय काम हाय?" धुरपताबाई घरी त्याला चिडवायची.

एके दिवशी सकाळी लिंबाजीनं चहाचा घोट घेतला, "साखर कमी हाय गं" म्हणाला आणि भिंतीला टेकला. टेकला तो टेकलाच. ना ताप, ना खोकला.

वस्तीत उरलेली म्हातारीकोतारी गोळा झाली. उमाबाईनं पेटीतलं पांढरं कापड काढून दिलं. कुणी भाकरी आणल्या. राहिलं ते सरणाचं लाकूड, आणि खांदा द्यायला धडधाकट माणसं. मजुरी अजून हाती आलेली नव्हती. दिवस मावळायच्या आत म्हाताऱ्याला न्यायचं तर होतं.

"जा की पेठेत," शेजारची पारूबाई म्हणाली.

"न्हाई जमत."

"आगं, लोकांसाठी अख्खं मुरुड हलवतीस!"

"ते लोकांसाठी. सोताच्या घरासाठी जीभच उचलंना."

"मग मी जाऊ का?"

"माझ्या बापासाठी तू मागणार? मग मी काय मेले का?"

आता अशा बाईपुढं कुणी डोकं फोडावं! स्वतः मागायची नाही, दुसऱ्याला मागू द्यायची नाही. दुपार कलली, सावल्या लांबल्या. बापाच्या तोंडावरची माशी हाकलता हाकलता धुरपताबाईलाच स्वतःचा राग आला. ती ताडकन उठली आणि थेट संगप्पाची वखार गाठली. पदर नेहमीसारखाच खोचलेला, चाल नेहमीसारखीच तरातरा. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"आप्पा, वस्तीत एक म्हातारा गेलाय. घरात एकटी लेक. तिचा नवरा ऊसतोडीला. सरणाला लाकूड न्हाई, खांद्याला माणूस न्हाई."

संगप्पाच्या कानावर ही बातमी कधीच आली होती. धुरपताबाईची वाट बघतच तो वखारीत बसला होता. पण त्यानं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"लेक कशी हाय?" त्यानं विचारलं.

"लई मानी. उपाशी मरंल, पर मागायची न्हाई."

"व्हय, आसतात अशी माणसं." संगप्पानं हाक मारली. गडी धावले, बाभळीची लाकडं धडाधड गाडीत पडू लागली. "ह्यातले चार गडी खांद्याला येतील. मी बी येतो. आणि त्या लेकीला माझा येक निरोप सांगशील का?"

"सांगते की."

"म्हणावं, तुझ्या बापानं रोज हितं बसून माझं डोकं खाल्लं. उद्यापासनं मला करमायचं न्हाई. आणि म्हणावं, सकाळधरनं तू रडली न्हाईस आसं ऐकलंय. मागायला लाज वाटती, ठीक हाय. रडायला कुणाची परवानगी लागती?"

"सांगते," धुरपताबाई म्हणाली आणि वळली. चार पावलं गेली, थांबली, माघारी आली.

"आप्पा, माझा आबा गेला वो!"

आणि ती तिथंच लाकडाच्या सालपटांत बसून मोठ्यानं रडली. गड्यांचे हात थांबले. संगप्पा शेजारी उकिडवा बसला, त्याचंही नाक लाल झालं होतं. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली, आणि गाडीतलं एक लाकूड उचलून नखानं खरवडून बघितलं.

"वलं न्हाई ना आप्पा? वलं आसंल तर बदलून द्या. माझ्या आबाला धूर सोसत न्हाई."