पोकळीवर चालणारा पंप

वाघमारे सरांची आणि माझी ओळख वडवणीच्या महाविद्यालयात फळ्यासमोर झाली. रित्या पोकळीतही ऊर्जेची सूक्ष्म चलबिचल चालूच असते, असे सर शिकवत होते. त्यांच्या तासाला एक रीत होती. उत्तर येत नसेल तर उभे राहून मोठ्याने ‘माहीत नाही’ म्हणायचे. मला ते कधीच जमले नाही.

पुढे मी सरांच्याच विभागात शिकवू लागलो. एका दुष्काळात आमच्या गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेत एक विक्रेता आला. त्याचा पंप म्हणे पोकळीतल्या ऊर्जेवर, विजेवाचून चालायचा. चेअरमन तात्यांनी मला विचारले, “प्रोफेसर, खरं हाय का हे?”

मला उमगले नव्हते. पण ‘माहीत नाही’ म्हटले तर गावात शोभा होईल म्हणून ‘शास्त्राला धरून आहे’ असे लिहून मी सही ठोकली. दोनच दिवसांनी कळले, त्या कागदाच्या भरवशावर संस्था टँकरची मागणी मागे घेणार होती. पंप चालला नाही तर गाव पिणार काय?

मी तडक सरांचे घर गाठले आणि त्यांना सगळे सांगितले.

“कशापायी केली सही?” सर एवढेच रागावले. मग त्यांनी समजावले, “धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ आणल्या की मधली ऊर्जा रित्या जागेपेक्षाही कमी होते. ऋण ऊर्जा म्हणतात ती हीच. पट्ट्या आपोआप ओढल्या जातात, खरं हाय. पण त्या परत लांब करायला मिळालं तेवढं सारं घालावं लागतं. मग पंप चालंल कशावर?”

संस्थेच्या सभेला सर सोबत आले. तेच बोलतील, या आशेवर मी होतो. “सही तुझी हाय, तूच बोल,” म्हणत त्यांनी माझा हात धरला. त्यांचाही तळवा घामाने ओला होता.

मी उठलो. “मला माहीत नव्हतं. तरी मी सही केली.”

“लेकराबाळांच्या पाण्याशी खेळता व्हय?” मागून कुणीतरी ओरडले. लोक अंगावर धावून आले. सर उठून माझ्या शेजारी उभे राहिले आणि गलका थांबेपर्यंत हलले नाहीत. टँकरची मागणी कायम राहिली.

आज सरांची पंचाहत्तरी. अजूनही कुठेही सही करण्याआधी मी सरांना फोन लावतो. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागण्यात माझा स्वार्थ आहे. तो फोन उचलला गेला नाही तर मी काय करीन?

सर, माहीत नाही.