जनरेटरचे तीन तास

हे वाचणारे तुम्ही पहिलेच. माझ्या आईला माहीत नाही, शारजात माझ्या खोलीत राहणाऱ्या दोघींना माहीत नाही, आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्याला तर मी — थांबा. ते शेवटी सांगते. आधी सांगून टाकलं तर मधलं लिहिणार नाही, मला मी माहीत आहे.

मी पत्रकं लिहून वाढलेली मुलगी. कॉलेजात असताना नाशिकला कारखान्यांच्या गेटवर कंत्राटी कामगारांना पत्रकं वाटायचे. पहिल्या ओळीत आरोप, मग पुरावा, शेवटी मागणी — अशी सवय लागलेली. एका पत्रकाचा मथळा होता, ‘न समजलेल्या कागदावर सही करू नका’. तो मीच दिलेला. लोकांकडून तो मोठ्यानं म्हणून घ्यायचे, पुढे इकडे आल्यावरही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पोटाला मात्र बी.कॉम. कामी आलं. शारजाच्याच हमरिया फ्री झोनमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या जकातमुक्त पट्ट्यात, कॅरव्हॅन विकणारी एक कंपनी आहे, तिथे मी अकाउंट्समध्ये आहे. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर — पलंग, ओटा, संडास, एसी, आणि तो एसी चालवायला पोटात जनरेटर. यार्डात अशा तीसेक उभ्या असतात. एकही आमच्या पैशांची नाही. बँक पैसे देते. गाडी विकली की त्या गाडीचं कर्ज फेडायचं, तोवर व्याज भरायचं. कंपनीचा कर मोजताना ते व्याज खर्च म्हणून वजा होतं. शिवाय कुंपणाच्या आत विक्रीसाठी उभी आहे तोवर गाडीवर व्हॅट नाही, कस्टम्स नाही. अट एकच — ती विक्रीचा माल राहिली पाहिजे. कंपनीनेच ती वापरली, तर ती माल राहत नाही. मग बँक म्हणते कर्ज आत्ता फेडा, आणि करवाले म्हणतात आमचंही द्या, दंडासकट.

म्हणून दर महिन्याला मी एक तक्ता भरते. प्रत्येक गाडीचा चेसिस नंबर, आणि तिचा जनरेटर किती तास चालला. कारखान्यातून येताना चाचणीचे दोन-तीन तास झालेले असतात. तेवढेच राहायला हवेत.

उभ्या गाडीच्या व्याजालासुद्धा सवलत, हे मला तेव्हा फार झोंबायचं. तिच्याशेजारी उन्हात उभ्या असलेल्या माणसाला काय?

तो माणूस म्हणजे पाष्टेमामा. गुहागरकडचे, पन्नाशीचे, अकरा वर्षं त्याच यार्डात. गाड्या धुणं, पुसणं, हलवणं. अवजड गाडी ओढायचं लायसन्स काढताना ते पाच वेळा नापास झाले होते आणि सहाव्यांदा पास. सगळं मिळून सात-आठ हजार दिरहम गेले — म्हणजे आपले पावणेदोन लाख, हे ते स्वतःच हिशेब करून सांगायचे आणि स्वतःच हसायचे. ते कार्ड त्यांनी मला किती वेळा दाखवलं असेल. पुढच्या सीझनपासून, म्हणजे हिवाळ्यापासून, गिऱ्हाइकाच्या दारात गाडी पोचवायचं काम त्यांना मिळणार होतं. पगार जवळपास दीडपट. ‘अबुधाबीला, त्या रीम आयलंडला जाईन गो ताई, टायबिय लावून,’ असं म्हणायचे.

उन्हाळ्यात इथे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं. कायदाच आहे. पण कामगारांनी विसावायचं कुठे? आमच्याकडे पत्र्याची शेड. तिच्यातला कूलर बिघडला होता आणि दुरुस्ती ‘इन्शाल्ला उद्या’वर अडकली होती. एक दिवस मामांना तिथे चक्कर आली. मी चिडले. मला चिडता छान येतं. मी टेबलाच्या खणातून सोळा नंबरच्या गाडीची चावी काढली आणि त्यांच्या हातात ठेवली.

ते नको म्हणाले. तीनदा नको म्हणाले. ‘विकायच्या मालाला अंग लावायचं नाय, ताई.’ मी त्यांना भाषण दिलं — तीस एसी रिकामे उभे आहेत आणि तुम्ही भाजताय, हा तुमचा हक्क आहे, काही झालं तर मी आहे.

काही झालं तर मी आहे. हे शब्द माझे.

मग ते रोज दुपारी सोळा नंबरमध्ये पडायला लागले. पलंगावर नाही, खाली चादर टाकून. आणि मी तक्त्यात सोळा नंबरपुढे दर महिन्याला तीन तास लिहीत राहिले. मला ते बंडच वाटत होतं. कागदावर खोटं लिहिलं तरी ते आपल्या बाजूचं खोटं, असं. गंमत आहे ना?

सीझन सुरू व्हायच्या आधी ऑडिटर आला, कराच्या रिटर्नसाठी. व्याज वजा करायचं तर माल खरोखर माल आहे का हे त्याला बघायचं होतं. बँकेचा माणूस नेहमी चेसिस नंबर बघून निघून जायचा. याने प्रत्येक जनरेटरचं झाकण उघडलं. सोळा नंबरचा मीटर होता दोनशे बारा. त्याने माझ्या तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘यहाँ तो तीन लिखा है,’ म्हणाला. आवाज चढवला नाही.

चौकशीत मामांचं नाव लगेच निघालं. मॅनेजर मेंडिस सर वसईचे. त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं आणि साधं गणित सांगितलं. चावी ऑफिसने दिली असेल, तर वापर कंपनीचा — कर्ज, कर, दंड, सगळं अंगावर. कामगाराने आपणहून घेतली असेल, तर कंपनीची बाजू मांडता येईल, आणि तक्त्यात माझी चूक एवढीच की मीटर न बघता जुना आकडा उतरवला. ‘चावी कोणी दिली, हे मला ठाऊक नाही,’ ते म्हणाले. ‘तुला आहे?’

मी म्हणाले, नाही.

एक शब्द. तो बोलायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही. व्हिसा, नोकरी, खोलीचं भाडं — हे सगळं नंतर आठवलं, समर्थनासाठी. त्या क्षणी काहीच नव्हतं. फक्त नाही.

पण मी जे लपवलंय ते हेही नाही.

मामांचा जबाब मलाच टाइप करायला सांगितला. इंग्रजीत. ‘परवानगी न घेता चावी काढली आणि कंपनीची मालमत्ता वैयक्तिक कामासाठी वापरली.’ मामांना बोलावलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी मांडीवर. सर फोनवर होते. मामांनी पेन घेतलं आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, ‘वाचून दाखव गो. न समजलेल्या कागदावर सही करायची नाय. तूच शिकवलंस.’

मी वाचून दाखवलं. कागदावर बोट फिरवत, ओळीमागून ओळ, मराठीत — ‘दुपारच्या सुट्टीत, उन्हामुळे, मी गाडीत विसावा घेतला. यापुढे घेणार नाही.’

त्यांनी मान हलवली. ‘बरोबर आहे,’ म्हणाले, आणि सही केली. सावकाश, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

त्या आठवड्यात त्यांचं ‘खलास’ झालं — इकडे नोकरी संपली की असंच म्हणतात. यार्डाच्या गेटपर्यंत मी गेले होते. लायसन्सचं कार्ड त्यांनी पुन्हा दाखवलं. त्यांना वाटत होतं, सोळा नंबरचं नुकसान झालं म्हणून काढलं. मला म्हणाले, तू सांभाळून राहा, तुझ्यावर येऊ देऊ नको.

मी मान डोलावली आणि ऑफिसात परत आले. गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांना बोला, बोला म्हणत आलेली मी.

मागच्या महिन्यात गावाहून मामांचा आवाजी मेसेज आला. मस्कतला ट्रेलर ओढायचं काम जवळजवळ ठरलं होतं. एजंट म्हणतो, जुन्या कंपनीने कागद पाठवलाय, त्यात चोरून वापर केल्याचं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. मागे कोंबडा आरवत होता. आवाज चिडलेला नव्हता, नुसता गोंधळलेला. ‘ताई, आपण विसाव्याचंच लिवलं होतं ना गो?’

मी तो मेसेज चार वेळा ऐकला. मग लिहिलं, ‘हो मामा.’

लगेच उत्तर आलं. ‘मग एजंटच खोटारडा. मला वाटलंच.’

मी त्याखाली वर केलेला अंगठा पाठवला.