सरकीचा शेक

आमचे हे मास्तर होते आणि माझ्या बांगड्या शाळेत न्यायचे. शरीराची ओळख शिकवायची असली की जुन्या, विटलेल्या बांगड्या मागून घ्यायचे, त्यांची चळत लावायचे आणि मधून सुताची दोरी ओवायचे. बांगड्या म्हणजे पाठीचे मणके, दोरी म्हणजे मज्जारज्जू. "मेंदूचा हुकूम याच वाटेने खाली जातो, आणि पायात काटा मोडला तर त्याची खबर याच वाटेने वर येते," असं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला ऐकवायचे. मी म्हणायची, "अहो, भाकरी करपतेय, तुमचा मेंदू जरा बाजूला ठेवा." इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. बुऱ्हाणपुरात शाळा मोजक्याच होत्या, आणि आमच्या लोधीपुऱ्यातून मास्तर निघाले की ओट्यावरचे लोक उठून रामराम करायचे.

पावसाळा सरता सरता ते तापीपलीकडे जैनाबादला एका आजारी सोबत्याला भेटायला गेले. परतताना नावेतून उतरले आणि घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर पाय सटकला. पडले ते पाठीवर, नेमके पायरीच्या कडेवर. नावाड्यांनी खाटेवर घालून घरी आणलं. शुद्धीत होते, बोलत होते, मला घाबरू नकोस म्हणत होते. पण छातीच्या खालचं त्यांचं काहीच हलत नव्हतं.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी पाठ चाचपली, पायांना टाचणी लावून पाहिली, आणि मग डॉक्टर आणि हे इंग्रजीत बोलले. मी विचारलं, "चालतील कधी?" डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "वेळ लागेल." डॉक्टर जाताना मला एवढंच सांगून गेले की कूस बदलत राहा, पाठीला जखम होऊ देऊ नका. मेल्यांनी मला काहीच सांगितलं नाही. बाईमाणसाला काय कळतंय!

सासूबाईंनी ठरवून टाकलं की पायांत वात शिरलाय आणि वाताला शेक हवा. कापसाचा मुलूख आमचा, सरकीला काय तोटा. सरकी तव्यावर गरम करायची, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि घोट्यापासून मांडीपर्यंत शेकत जायचं. मग तेल लावून चेपायचं. सकाळी एकदा, तिन्हीसांजेला एकदा. मोडली होती पाठ आणि आम्ही सगळा जीव पायांत ओतत होतो. ते कधी नको म्हणाले नाहीत. डोळे मिटून पडून राहायचे.

महिना उलटला असेल. एका सकाळी पुरचुंडी जरा जास्तच तापली होती. ती तळपायाला लागली मात्र, पाय सर्रकन वर ओढला गेला. गुडघ्यात वाकला. माझ्या हातातून पुरचुंडी पडली, सरकी जमिनीभर झाली. "कळलं तुम्हाला?" मी ओरडलेच. ते छताकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हो. चटका बसला जरा."

सासूबाई धावत आल्या. "हालला व माय, माझ्या लेकाचा पाय हालला!" म्हणत त्यांनी त्याच सरकीवर बसकण मारली आणि रडायला लागल्या. दुपारपर्यंत गल्लीभर माव्याची जिलेबी वाटून झाली. मीही खाल्ली, खोटं कशाला बोलू. किती दिवसांनी तोंडाला चव आली होती.

त्यानंतर पाय रोज हलायला लागला. नुसतं बोट लावलं तरी झटका मारायचा. सासूबाईंनी तापीमाईला ओटी बोलली होती. त्यांना स्वतःला ती भरता येत नव्हती, विधवा बाई त्या. म्हणून खण-नारळ आणि तांदूळ देऊन मला घाटावर धाडलं. ओटी भरली, हात जोडले, दिवाळीपर्यंत यांना उभं कर म्हटलं. परतताना पाय चिखलाने भरले होते, म्हणून धुवायला मागच्या दाराने आले. आत कुणीतरी बोलत होतं.

शाळेत यांच्या जागी आलेला नवा मास्तर होता तो. तरुण पोरगा. शरीराचा धडा कसा घ्यावा हे विचारायला आला होता. बांगड्यांचा आवाज येत होता; चळत मांडून हे त्याला समजावत होते, शाळेतलाच तो खडा आवाज.

"आता माझ्या पायाला चिमटा काढा," हे म्हणाले. "लाजू नका, काढा."

पाय उडाला असणार, कारण तो पोरगा हर्षाने म्हणाला, "मास्तर, म्हणजे सुधारणा आहे की."

"सुधारणा नाही. हाच तर धडा आहे. चिमट्याची खबर मज्जातंतूंतून मज्जारज्जूत पोचते. तिथून एक वाट वर मेंदूकडे जाते. दुसरी तिथल्या तिथे वळून स्नायूंकडे परत येते. निखाऱ्याला हात लागला की कळायच्या आधी मागे येतो ना, तो या दुसऱ्या वाटेने. माझी वरची वाट तुटली आहे. पायाला पाठीतूनच उत्तर मिळतं. मला विचारायला कुणी वर येत नाही. तुम्ही चिमटा काढलात हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून कळलं."

"पुन्हा जुळेल ना?"

"ही दोरी जुळत नाही."

 मग त्या पोराने हळूच विचारलं, "घरात माहीत आहे?"

"कुठल्या तोंडाने सांगू? आत्ता ती ओटी भरायला गेली आहे."

मी हातात रिकामं ताट धरून उभी होते. आधी राग आला, रडू नंतर. असं वाटलं, आत जावं आणि ताट आपटावं. पण परका माणूस बसला होता, म्हणून पाय धुतले आणि चूल पेटवली.

तिन्हीसांजेला सासूबाई ओट्यावर शेजारणीशी बोलत होत्या, ओटी कशी झाली ते तिला सांगत होत्या. मी शेक घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसले. यांनी डोळे मिटले. थोडं चेपलं, आणि मग दोन्ही हात उचलून आपल्या मांडीवर ठेवले.

"कसं वाटतंय?"

"छान. तिथंच जरा जोर दे."

 "अहो," मी म्हटलं, "माझे हात माझ्या मांडीवर आहेत."

त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातांकडे पाहिलं. 

"मला खुळी करून टाकलंत. गल्लीभर जिलेबी वाटली आम्ही."

"तू हसत होतीस गं," ते म्हणाले. "पडल्यापासून पहिल्यांदा."

त्यावर भांडायचं कसं, सांगा. मी पदर तोंडात कोंबून रडले. त्यांनी हात लांब केला, माझं मनगट धरून मला वर उशाशी ओढलं आणि माझा तळवा आपल्या गालावर ठेवला. मी दचकून दाराकडे बघितलं. आमच्या घरात दिवसाउजेडी नवऱ्याला हात लावायचा तर तो पायांनाच. बाकी अंगाला लावला तर सासूबाईंचा खोकला सुरू व्हायचा.

"इथलं कळतं," ते म्हणाले. "इथलं मला सगळं कळतं."

बाहेरचं बोलणं थांबलं होतं. मी हात काढला नाही.

पुढे पाठीला जखमा झाल्याच. ताप चढला, उतरेना, आणि थंडी सरायच्या आत ते गेले. लोक अजून म्हणतात, बाईने सेवा केली हो, पायाशी बसून राहिली नवऱ्याच्या. ऐकलं की जीव जळतो माझा. गाल, कपाळ, मान, खांदे सगळं शाबूत होतं त्यांचं, माझ्या हाताची वाट बघत होतं, आणि मी महिना-दीड महिना पायांशी बसले होते.