तटस्थ माणसाचा समुद्र

माधवराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी फिजोआच्या हिरव्या फळांचा गर काढत होते. बोटांना तो गोड, किंचित औषधी वास... सहा आठवडे झाले, तरी तो वास आला की क्षणभर कळत नाही, माणूस गेला आहे की जायचा आहे.

परदेशातल्या या अवोन्डेल उपनगरात ते आमचे अकरा वर्षांचे शेजारी. आधी पुण्यात, मग इथल्या शाळेत इतिहास शिकवलेला. निवृत्तीनंतर लायब्ररीच्या खोलीत आम्हा आठ-दहा मराठी माणसांपुढे ते व्याख्यान देत. विषय फिरून एकच : तटस्थ देश युद्धात कसा ओढला जातो. पहिल्या महायुद्धातली अमेरिका त्यांच्या विशेष आवडीची. आधी माल विकायचा, मग कर्ज द्यायचं, माल नेणारी जहाजं बुडू लागली की त्यांच्यावर तोफा बसवायच्या. आणि प्रत्येक पायरीवर वाटत राहतं, आपण तर जिथल्या तिथेच आहोत. चहाच्या वेळी माझे यजमान त्यांना डिवचत, मराठी मंडळाच्या भांडणातही तुम्ही तटस्थ, म्हणून दोन्हीकडच्या शिव्या खाता. "दोन्हीकडचे मोदकही," माधवराव शांतपणे म्हणत.

यंदा दूरच्या एका समुद्रात युद्ध पेटलं. आपला देश त्यात नाही, असं इथलं सरकार सांगत राहिलं, आणि व्यापारी जहाजांच्या सोबतीला एक युद्धनौका पाठवायचं ठरलं. तिच्या इंजिनखोलीत माधवरावांची एकुलती एक मुलगी, इरा, इंजिनिअर होती.

ती निघाली त्या सकाळी मी तिथेच होते. दूर निघालेल्याच्या हातावर दही घालायची रीत माधवरावांनी पत्नीच्या पश्चात कधी मोडली नव्हती. शाळेच्या कॅम्पलासुद्धा नाही. इराने सवयीने तळहात पुढे केला.

"बाबा, इट्स जस्ट एस्कॉर्ट ड्यूटी. आम्ही कुणाशी लढत नाही आहोत."

त्यांनी त्या तळहाताकडे पाहिलं. "हेच मी तीस वर्षं शिकवलं, इरा."

दह्याची वाटी त्यांनी टेबलावर ठेवली आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. घे म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. इराने वाटीत बोट बुडवून चाटलं, "स्वीट ॲज, मावशी, एकदम मस्त," असं कसंबसं हसून म्हणाली आणि गेली.

मी त्यांना बोलले. भांडण सरकारशी, मग पोरीला का शिक्षा? दही घातलं असतं तर माझी संमती झाली असती, एवढंच ते म्हणाले. मला ते निष्ठुर वाटलं, संध्याकाळपर्यंत थोर वाटलं, आणि आता... खरंच कळत नाही. तीन आठवड्यांनी ते झोपेतच गेले. इराला परतता आलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी त्यांच्या खोलीच्या खिडक्या उघडत होते, तेव्हा जहाजावरून तिचा फोन आला. आवाज लाटेसारखा जवळ येई, दूर जाई.

"मावशी, बाबा माझ्यावर रागावूनच गेले का?"

एवढ्यात टेबलावर चार्जरला लावून ठेवलेला त्यांचा टॅबलेट आपोआप उजळला. त्यांनी लावलेला रोजचा सातचा गजर. पडद्यावर इथलं हवामान नव्हतं. तिच्या समुद्राचं होतं. शेजारी व्याख्यानाची वही उघडी पडलेली. अमेरिकेवरच्या टिपणांच्या समासात, ती निघाली त्या दिवसापासून रोज एक ओळ : लाटा, वारा. शेवटची, ते गेले त्याच्या आदल्या सकाळची.

"लाटा दोन मीटर," मी पडद्यावरचं तिला वाचून दाखवलं. "वारा वायव्येचा."

पलीकडे इंजिनांची घरघर.

"हो," ती हळूच म्हणाली. "तेवढ्याच आहेत."

फोन तुटला. वहीत अडकवलेलं त्यांचं पेन काढून मी त्या दिवसाची ओळ लिहिली.